जांभळ्या मखमलीचं अस्तर

माझी शाळा तिसरीत सुटली, पण हातातली सुई कधी सुटली नाही. आमच्या घरात पडद्यापासून दुपट्यापर्यंत जेवढं कापड आहे, तेवढं सगळं माझ्या हाताखालून गेलेलं आहे. कुठे टाका उसवलेला दिसला की मला खुपतं, मग तो आमचा असो नाहीतर शेजारणीचा. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं या हातामुळेच झालं. दुसरं कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल, म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

माझा धाकटा लोखंडी कपाटांच्या कारखान्यात रंगखात्यात आहे. पिस्तुलासारखी गन असते, तिच्यातून कपाटावर रंग उडवायचा. त्याच्या हातचा रंग ओघळत नाही की फुटत नाही. त्यानं रंगवलेल्या कपाटात बघून भांग पाडता येतो. हे मी आई म्हणून सांगत नाही. आई म्हणून सांगायचं तर त्याला अंथरुणाची घडीसुद्धा नीट घालता येत नाही.

रंगात थिनर असतं. त्याची वाफ नाकातोंडात जाऊ नये म्हणून कारखान्यानं सगळ्यांना मास्क दिले. जाड रबराचे, दोन गालांवर हवा गाळायचे दोन डबे, मागे घट्ट पट्टे. पहिल्याच दिवशी धाकटा घरी आला तो नाकाच्या दांड्यावर लाल वण घेऊन. दुसऱ्या दिवशी तो वण गालापर्यंत उतरला. आठवड्यात कातडी सोलली.

"आई, काही नाही गं, सवय होईल," तो म्हणाला.

"बैलाला होते सवय. तुझ्या नाकाला का व्हावी? आण तो मास्क इकडे."

माझ्याकडे जुन्या झग्याची जांभळी मखमल होती, लोण्यासारखी मऊ. तिची दोन बोटं रुंद पट्टी कापली आणि रबराच्या काठाला आतून गोल फिरवून शिवली. रबरात सुई जाता जात नाही. दोन सुया मोडल्या, अंगठ्याला भोक पडलं, पण टाके असे बारीक घातले की भिंग लावून शोधावे लागतील. दुसऱ्या संध्याकाळी धाकट्याच्या नाकावर वणाचा पत्ता नव्हता.

मग काय, रंगखात्यातले बाकीचे दहाजण एकेक करून दारात हजर. त्यांतले सगळ्यांत जुने, गालभर मिशांचे, त्यांना सगळे मिशीवालेच म्हणतात, ते मास्क पिशवीत घालून आले आणि ओशाळून म्हणाले, "ताई, माझ्या मिशांना पण जरा मऊ जागा करा." पाच दिवसांत अकरा मास्क झाले. कारखान्यात माझं नाव मखमलवाली पडलं. मी तोंडानं "काहीतरीच बाई" म्हणत होते, पण खरं सांगायचं तर आठवडाभर माझे पाय जमिनीला लागत नव्हते.

पुढे महिन्याभरात धाकटा बदलला. आधी मला ते बरंच वाटलं. एरवी कामावरून आला की तोंडाला कुलूप लावून बसणारा मुलगा, तो आता दारातूनच बडबडत यायचा. उगाच हसायचा. एकदा चहात साखरेऐवजी मीठ टाकून प्याला आणि छान झालाय म्हणाला. सूनबाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आई, तुमच्या हातचा चहा नव्हता म्हणून छान म्हणाले असतील." तिची जीभही धारदार आहे. माझ्याच घरात राहून परजलेली.

पण एका संध्याकाळी त्यानं स्वतःच्या लेकीला माझ्या नावानं हाक मारली. ती सहा वर्षांची पोर कमरेवर हात ठेवून म्हणाली, "बाबा, मी एवढी म्हातारी दिसते का?" सगळे हसलो. मी हसले नाही तेवढी. चप्पल घालताना त्याचा तोल गेला, तेही मी पाहिलं.

"इकडे ये. तोंड उघड."

"आई, तीन पोरींचा… म्हणजे एका पोरीचा बाप आहे मी."

"बघ, मोजताही येईना. उघड तोंड."

दारूचा वास नव्हता. गोडसर, नाकात टोचणारा वास होता, कपाटाला नव्या रंगाचा येतो तसा. सकाळी उठला की डोकं धरून बसायचा. सुट्टीच्या दिवशी मात्र दुपारपर्यंत ठणठणीत व्हायचा. मी सूनबाईला म्हटलं, "सुट्टीच्या दिवशी उतरते ती दारू मी तरी ऐकलेली नाही. याला डॉक्टरकडे ने."

डॉक्टरांनी रक्त तपासलं. लिव्हरचे आकडे वर गेले होते. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, रोज किती घेता? सूनबाई म्हणाली, "रोज दोन कप. दुधाचा, कमी साखरेचा." मग त्यांनी कामाचं विचारलं, आणि थिनर म्हटल्यावर पेन खाली ठेवलं. म्हणाले, ही वाफ श्वासातून रक्तात जाते, कातडीतूनही जाते. अजून वेळ गेलेली नाही. आत जाणं आत्ता थांबलं तर लिव्हर सावरेल. नाही थांबलं तर नसांवर जाईल, विसरणं वाढेल, हात थरथर कापायला लागतील.

हात कापायला लागतील, हे त्यानं घरी येऊन सांगितलं आणि स्वतःच्या हाताकडे बघत बसला. मीही बघितलं. त्या हाताशिवाय त्याच्याजवळ दुसरं आहे काय?

कारखान्यात त्यानं साहेबांना रिपोर्ट दाखवला. साहेब म्हणाले, "मास्क सगळ्यांना दिलेत. देताना नर्सबाईंनी एकेकाच्या तोंडावर तपासून दिलेत. मग हे इथलं कसं? घरचं काही असेल तर बघा." आणि सोमवारपासून याला पॅकिंगला टाकायचं ठरवलं. पॅकिंगला म्हणजे खोक्यांना चिकटपट्ट्या लावायला. शिवाय पिऊन येतो असं पसरायला वेळ लागतो का?

शुक्रवारी सकाळी मी इस्त्रीचं पातळ नेसले, रिपोर्ट पिशवीत घातला आणि कारखान्याच्या फाटकात जाऊन उभी राहिले. पहारेकरी म्हणाला, "मावशी, काय काम?"

"तुझ्याकडे नाही. तुझ्या साहेबांकडे. त्यांना सांग, मखमलवाली आलीय."

साहेब तरुण निघाले. खुर्ची दिली. मी बसले नाही.

"माझ्या मुलानं आयुष्यात थेंब घेतला नाही," मी म्हटलं. "तुमचे मास्क चाळणीचे आहेत. तपासलेत म्हणता ना, माझ्यासमोर तपासा."

ते बिचारे रीतसर माणूस. त्यांनी नर्सबाईंना बोलावलं आणि आम्ही सगळे रंगखात्याच्या बाहेरच्या खोलीत गेलो. एका बाजूला कपड्यांचे कप्पे, दुसऱ्या बाजूला हात धुवायची मोरी. मोरीवर थिनरचा डबा होता, हातावरचा रंग काढायला. नर्सबाईंनी तो बघितला आणि उचलून बाहेर ठेवला. दहाजण भिंतीला टेकून उभे राहिले, परीक्षेला बसल्यासारखे.

नर्सबाईंची तपासायची रीत अशी. माणसाच्या डोक्यावर पातळ प्लॅस्टिकचा तंबू सोडायचा, आणि आत केळ्याच्या वासाच्या औषधात भिजवलेला कागद टांगायचा. मास्क नीट बसला असेल तर वास येत नाही. आला, तर थिनरची वाफही आत येते असं समजायचं. धाकटा मास्क लावून तंबूत बसला. दोन श्वास घेतले नाहीत तोच आतून आवाज आला.

"केळं."

"नक्की?" नर्सबाईंनी विचारलं.

"नक्की. पिकलेलं."

मी साहेबांकडे बघितलं. त्या वेळी माझी मान किती ताठ होती, ते आता आठवलं की मानच दुखते. "बघा. आता खोक्यांना चिकटपट्ट्या कोण लावणार, माझा मुलगा की हे मास्क विकत आणणारे?"

नर्सबाईंनी मास्क हातात घेतला, उलटा केला, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. "हे जांभळं काय आहे?"

दहाच्या दहाजण छताकडे बघायला लागले, जणू तिथे सिनेमा चालू होता. धाकट्यानं चपलेत बोटं हलवली.

नर्सबाई साहेबांना समजावून सांगत होत्या, पण ऐकत मी होते. रबर कातडीला उघडंवाघडं चिकटायला हवं. मध्ये कापड आलं की वारा डब्यातून येतच नाही, कापडातून सोपा रस्ता धरतो. वर शिवताना रबराला सगळीकडून भोकं. हा मास्क लावला काय आणि खिशात ठेवला काय.

"कुणी केलं हे?" साहेबांनी विचारलं.

मिशीवाले खाकरले. "साहेब, ते कंपनीतूनच तसं आलं होतं. नवीन पद्धत असेल."

"सगळेच?"

"सगळेच," दहाजणांनी एका सुरात सांगितलं. एवढा एक सूर त्यांनी जन्मात कधी लावला नसेल.

मी गप्प राहिले असते तर निभावलं असतं. साहेब वहीत लिहायलाही लागले, मास्कच्या कंपनीला तक्रार म्हणून. पण नर्सबाई म्हणाल्या, "हे कधीपासून आहे ते कळायला हवं. किती दिवस वाफ आत गेली, ते डॉक्टरांना सांगितल्याशिवाय उपचार अंदाजानं होतील. आणि या सगळ्यांचंच रक्त तपासायला हवं."

मी त्या दहा तोंडांकडे बघितलं. माझ्यासाठी खोटं बोलत होते आणि आत वाफ घेत होते.

"लिहिणं थांबवा," मी म्हटलं. "आणि टाके नीट बघा. कंपनीला असे टाके येतील का? माझे आहेत. अकरा मास्क. धाकट्याचा शिवून आज सत्तेचाळीस दिवस झाले, मिशीवाल्यांचा शेवटचा, त्याला बेचाळीस. मुलाच्या नाकाला वण पडला, तो मला बघवला नाही."

बोलता बोलता आवाज जरा ओला झाला. म्हणून घाईघाईनं पुढे म्हटलं, "आणि तुम्ही सगळ्यांना एकाच मापाचे मास्क आणलेत ना, साहेब? पोरांची नाकं काय साच्यातून काढलीत? चप्पलसुद्धा माप घेऊन देतात."

साहेबांनी नर्सबाईंकडे बघितलं. नर्सबाई म्हणाल्या, "तीन मापं येतात. मी तेव्हाच लिहून दिलं होतं." आता छताकडे बघायची पाळी साहेबांची आली.

कपाळावर बोट ठेवून ते म्हणाले, "आजी, तुमची चूक आणि माझी चूक, दोन्ही एकाच कागदावर लिहू का?"

"लिहा. तुमची वर लिहा. आणि आजी मी माझ्या नातीची."

अकराही मास्क बाद झाले. नवे येईपर्यंत चार दिवस रंगखातं बंद राहिलं. सगळ्यांचं रक्त तपासलं, धाकट्याशिवाय आणखी तिघांचे आकडे थोडे चढलेले निघाले. मिशीवाल्यांचं रक्त साफ, पण नर्सबाई म्हणाल्या की मिशीतूनही वाफ शिरते. दुसऱ्या दिवशी ते सफाचट होऊन आले. त्यांच्या बायकोनं म्हणे दारच उघडलं नाही, कोण पाहिजे विचारलं.

नव्या मास्कसह सगळे पुन्हा तंबूत बसले. धाकट्याला लहान माप बसलं. मी फाटकाबाहेर थांबले होते, तो येऊन म्हणाला, "नाही आलं केळं." मी म्हटलं, घरी चल, खरं देते.

आता थिनरनं हात धुवायचे नाहीत, कामाचे कपडे तिथेच उतरवायचे, अशी शिस्त लागलीय. दोन महिन्यांनी त्याचे आकडे जागेवर आले. हात कापत नाही. परवा सुईत दोरा ओवायला दिला, एका दमात ओवला. डोळे माझे कमी झालेत असं सांगितलं त्याला, म्हणजे तपासतेय हे कळलं नाही.

उरलेल्या मखमलीची मी नर्सबाईंना विचारून डोक्यामागच्या पट्ट्यांना गादी शिवून दिली. तिथे चालतं म्हणाल्या, तिथून श्वास घेत नाहीत.

संध्याकाळी धाकटा येतो तो पूर्वीसारखाच, तोंडाला कुलूप. नाकाच्या दांड्यावर फिकट लाल वण. मी भाजी निवडता निवडता आधी तो वण बघते. दिसला की जीव भांड्यात पडतो, आणि मग मी त्याला ओरडते, की मेल्या, घरात आल्यावर दोन शब्द बोलावेत माणसानं.