पूजेला बसवलेली शिट्टी

ओरडल्याशिवाय मला काही सांगता येत नाही, तेव्हा जरा लांब बसूनच ऐका. मी शिट्टी. पितळेची, वरून चकाकी दिलेली, पोटात बुचाची गोळी असलेली. घाटनांदूरच्या मन्मथ सरांची.

कारखान्यातलं मला काही आठवत नाही. जग पहिल्यांदा पाहिलं ते बीडच्या बसस्थानकाजवळच्या एका दुकानात, कॅरमच्या सोंगट्यांशेजारी पडल्या पडल्या. मन्मथ सर तेव्हा भूगोलाचे नवे मास्तर होते. शाळेनं त्यांना व्हॉलीबॉलच्या शिबिराला धाडलं होतं. एसटी रस्त्यात बंद पडली, हे पोहोचेपर्यंत तिथल्या जागा भरल्या, म्हणून शेजारच्या फुटबॉलच्या शिबिरात जाऊन बसले. परत निघाले ते एक चेंडू आणि मला घेऊन. पुढे लोक याला सरांचं लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे म्हणू लागले. सर फक्त मिशीत हसायचे, कुणाचं म्हणणं खोडून काढायचे नाहीत.

त्यांच्या गळ्यात दोन दोरे असत. एकात इष्टलिंग, ते सदऱ्याच्या आत. दुसऱ्यात मी, सदऱ्याच्या बाहेर. सकाळी लिंग डाव्या तळहातावर घेऊन ते पूजेला बसले की मी खुंटीवर. पूजा आटोपली की माझी पाळी. सर तोंडानं कधी रागावले नाहीत. त्यांचा सगळा राग माझ्यातून बाहेर पडे, आणि पोरांपर्यंत पोहोचेस्तोवर त्याचा नुसता आवाज उरे. पोरं त्या आवाजावर जीव टाकायची.

सरांच्या पत्नी बसम्मा. त्यांना मात्र मी डोळ्यांसमोर नको असे, आणि त्यात त्यांची काही चूक नव्हती. चहा हवा असला की सर मला वाजवत. भाजीत मीठ जास्त झालं की वाजवत, वर ‘फाऊल’ म्हणत. एकदा कपिलधारच्या यात्रेत बसम्मा गर्दीत दिसेनात. सरांनी मला असं फुंकलं की बसम्मा सोडून यात्रेतल्या सगळ्या बायका वळून बघू लागल्या. घरी आल्यावर बसम्मांनी मला तांदळाच्या डब्यात तळाशी लपवलं. भात दोन वेळा शिजत असल्यामुळे मी फार दिवस आत राहिले नाही.

निवृत्त झाल्यावरही सर रोज मैदानावर जात. मुलींचा संघ त्यांनी उभा केला होता. बीडचे सामने आठवड्यावर आले असताना एका दुपारी ते जेवून लवंडले आणि उठलेच नाहीत.

सर लिंगायत, त्यांच्यात माणसाला बसवून समाधी देतात. अंगाला भस्म लावलं, जंगम स्वामींनी लिंग डाव्या तळहातावर ठेवलं. तेवढ्यात बजरंग पुढे झाला. बजरंग म्हणजे सरांचा पहिला गोलकीपर, आता गावात रसवंती चालवतो. रडत म्हणाला, “सरांला शिट्टीबिगर कसं धाडायचं?” सगळ्यांनी माना डोलावल्या आणि मला सरांच्या गळ्यात घातलं. खोटं कशाला बोलू? सरांबरोबर जावं असंही वाटलं, आणि मातीखाली कायमचं मुकं व्हायची भीतीही वाटली.

बसम्मांनी मला काढून घेतलं. म्हणाल्या, “महादेवाम्होरं बसायला चाललेत ते. तितं कुणाला पळवायचं न्हाई. ही पोरींला द्या.”

दिली. पण संघाची कर्णधार वर्षाराणी हिनं मला कपाळाला लावलं आणि घरच्या देव्हाऱ्यात ठेवून दिलं. सरांची शिट्टी उष्टी कशी करायची, असं तिचं म्हणणं. नवी आणू, असं कुणी म्हटलं तर सगळ्याजणी त्याच्या अंगावर धावून गेल्या, तो सरांचा अपमान झाला असता. मग काय, मुली मैदानावर यायच्या, गोल करून बसायच्या, रडायच्या आणि घरी जायच्या. सराव बंद पडला. बीडच्या सामन्यातून नाव काढून घेऊ, अशी भाषा सुरू झाली. सर गेल्याचं दुःख होतंच, त्यात त्यांचा संघही माझ्या डोळ्यांदेखत बसत चालला होता आणि मला साधं ओरडताही येत नव्हतं.

यावर गावचे पुढारी सुंदरराव यांनी तोडगा काढला. मैदानावर शिट्टीपूजन. मांडव, माईक, पाटावर लाल कापड आणि त्यावर मी. पुण्या-लातूरहून जुने विद्यार्थी पोटं सावरत आले. एकेकजण येई, हळद वाही, कुंकू वाही, भस्माची चिमूट सोडी. बजरंगनं नारळ फोडून पाणी शिंपडलं. या सगळ्याचा माझ्या पोटात लगदा झाला आणि गोळी जागच्या जागी रुतली. सुंदररावांनी सरांवर लांबलचक भाषण केलं, त्यात सर दोन ठिकाणी आले. मग शुभारंभासाठी त्यांनी कुणाला न विचारताच मला तोंडाला लावलं. मी नुसतं फुस्स केलं. त्यांनी गाल फुगवून पुन्हा फुंकलं, तर त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा-लाल शिंतोडा उडाला.

शिट्टीनंही सरांमागं जीव सोडला, असं कुणीतरी म्हणालं आणि बायका डोळे पुसू लागल्या. सुंदररावांनी जाहीर केलं, शिट्टी काचेच्या पेटीत ठेवू, खाली नाव कोरू. टाळ्या पडल्या. संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेव्हा बसम्मा उठल्या. त्यांनी मला पाटावरून उचललं, अंबाड्यातला आकडा काढून पोटातला लगदा कोरला, तांब्यातल्या पाण्यानं खळखळून धुतलं आणि पदरानं पुसलं. मग मला ओठांजवळ नेलं.

वर्षाराणी दचकून म्हणाली, “काकू, सरांची उष्टी हाय ती.”

बसम्मा म्हणाल्या, “आख्खा जल्म त्यांच्या उष्ट्या ताटात जेवले मी. मला सांगती का?”

आणि त्यांनी मला फुंकलं. लांबलचक. सरांच्या मैदानावर लांब शिट्टीचा अर्थ एकच, सगळ्यांनी मैदानाला फेरी मारायची. मुली उठल्या आणि पळत सुटल्या. त्यांच्यामागं बजरंग. त्याच्यामागं पुण्या-लातूरची पोटं. सुंदररावही कधीकाळी याच शाळेत होते, ते माईक हातात घेऊनच पळाले आणि वायर संपली तिथं थांबले. बसम्मांच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण श्वास घेऊन घेऊन त्या मला वाजवतच राहिल्या. थांबल्या तेव्हा दोरा वर्षाराणीच्या गळ्यात घालून त्या घरी गेल्या.

बीडला मुली पहिल्याच सामन्यात हरल्या. पण खेळल्या, आणि आता रोज खेळतात.

सरांच्या तोंडाला चहाची चव असायची. ती आता माझ्यात अजिबात उरलेली नाही. वर्षाराणी चिंचेच्या गोळ्या खाते, तीच चव लागते. फार वाईट वाटतं मला. तरीही हात जोडून सांगते, तुमच्या घरात अशा गेलेल्या कुणाची वस्तू असेल तर तिला हार घालू नका. उष्टी करा. आता सरका बाजूला, पोरगी मला तोंडाला लावतेय.