कुंकवाची बदनामी

वसमतच्या उद्धवरावांना गप्प बसणं कधी जमलंच नाही. अंगी गुण पुष्कळ होते, पण जीभ आवरत नसे.

ते घरीच कुंकू करायचे. हळद, लिंबाचा रस आणि टाकणखार, चौथी वस्तू नाही. नांदेडच्या एकाने त्यांची वेबसाइट काढून दिली आणि पार अमेरिकेतून मागणी येऊ लागली. पुड्या भरून त्यांच्या पत्नी प्रेमाबाईंची बोटं लाल व्हायची, आणि ती बोटं घेऊन त्या बाजारातून ऐटीत फिरायच्या.

मग २००७ साली एका गिऱ्हाइकाचा फोन आला. परदेशी मराठी माणसांच्या चर्चेच्या साइटवर कुण्या बाईने लिहिलं होतं, की या कुंकवाने सासूच्या कपाळाला फोड आले, यात रासायनिक रंग आहे.

उद्धवरावांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी तडक नेट कॅफे गाठलं. तिथे राधिका टायपिंग करून द्यायची.

"लिही! माझी बायको लग्नापासून हेच कुंकू लावून राहिली. यावं आन् तिचं कपाळ बघावं!"

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर.

"काका, तुमच्या उत्तराखाली कुनीतरी लिवलंय. वाचून दाखवू?"

"न्हाई! ती घाण माझ्या कानावर नको. तू माझं उत्तर टाक."

ते असे ओरडले की पोरगी दचकली. तेव्हापासून ती काही न वाचता उत्तराची चौकट उघडायची आणि काका सांगतील ते टाकायची. एकदाच धीर करून म्हणाली, "काका, तुमी लिवलं की ती चर्चा परत सगळ्यात वर येते. थांबलात तर खाली जाईल, लोक इसरतील."

"गप बसलो तर लोक म्हणतील खरंच भेसळ व्हती!"

बाजारात मालाला कोणी नाव ठेवलं तर चारचौघांत जाब द्यायचा, हीच त्यांची रीत. मागणी आटली, मग थांबली. भरलेल्या पुड्या घरात पडून राहिल्या. उद्धवराव मात्र रोज कॅफेत. शेवटी एका दुपारी उत्तर सांगता सांगताच ते खुर्चीत कलंडले. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

सुतक फिटल्यावर प्रेमाबाई मोकळ्या कपाळाने कॅफेत आल्या.

"पोरी, मला पहिल्यापासून वाचून दाखव."

राधिकाने पहिलं पान उघडलं. तक्रार वाचली, काकांचं पहिलं उत्तर वाचलं. त्याच्याखाली त्याच बाईने लिहिलं होतं, "काका, चूक माझी. ती पुडी दुसऱ्याच दुकानची निघाली. माफ करा. तुमचं कुंकू मी पुन्हा मागवतेय."

राधिका त्यांच्याकडे वळली. "काकू, त्या दिवशी मी हेच वाचनार व्हते..."

"पुढं वाच."

पुढे उद्धवरावांचे शिव्याशाप होते आणि लोकांचे शेरे: बाईने माफी मागितली तरी हा माणूस तिला सोडेना. असल्याकडून माल कोण घेईल?

मेलेल्या नवऱ्याचा इतका राग प्रेमाबाईंना कधी आला नव्हता, आणि इतकी दयाही.

"काकू, काही लिवू का? काकांनी माफी वाचलीच नव्हती म्हनून?"

"लिवलं की परत वर येतं ना ते सगळं?"

"व्हय."

प्रेमाबाईंचा हात सवयीने कपाळाकडे गेला आणि तिथूनच मागे फिरला.

"न्हाई. जाऊ दे खाली."

हळूहळू ती चर्चा खाली गेली. त्या बाईची माफीही तिच्यासोबतच गेली.