ध्रुपदाचा कागद

पिंगळीच्या सप्त्यात त्या वर्षी पेटीवालाच नव्हता. सटवाजी दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळीबरोबर गेला तो गेला. काल्याचं कीर्तन दिनकरराव बुवांचं. बुवा अभंगाला हात घालायचे तेव्हा म्हातारी माणसंसुद्धा पसरलेले पाय आखडून सरळ बसायची. असं गोड कीर्तन सुराशिवाय व्हावं हे कुणालाच बघवत नव्हतं.

"मी साथ करते," रुख्मिणी म्हणाली.

रुख्मिणी परभणीला कॉम्प्युटर क्लासला जायची. सिकंदराबादच्या मामानं तिला गिटार दिलं होतं आणि कागदावरून वाजवायलाही शिकवलं होतं. आडव्या सहा रेघा म्हणजे सहा तारा. रेघेवर जो आकडा असेल, गिटारच्या दांडीवरच्या तितक्या नंबरच्या पडद्यावर बोट ठेवायचं. कागद असला की ती चुकायची नाही. कानावरून मात्र तिला काही जमत नसे.

सप्त्याचे पुढारी किशनराव हसले. "गितार? नवरदेवाच्या वरातीत चालतंय ते. बाई, हितं देव बसलाय."

"देवाला तार चालत नसंल तर वीणेकऱ्यालाबी उठवा मंग, काका."

वीणेकरी खोकला. किशनरावांनी टोपी सारखी केली. "बरं. पण तालमीला अन् काल्याला, दोन्ही टायमाला नीट वाजलं पाहिजे. बुवांनी हात वर केला की खाली उतरायचं. अन् पुन्हा या देवळात गितार आणायचं न्हाई."

तिला ते कबूल होतं.

क्लासमध्ये तिनं बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत एक छोटा प्रोग्रॅम बसवला. तार आणि पडदा विचारायचा, आकडा बरोबर रेघेवर ठेवायचा, खाली अभंगाचे शब्द इंग्रजी अक्षरांत छापायचा. क्लासचे सूर्यभान सर मागून वाकून बघत होते.

"लोकं हितं पगारपत्रक शिकायला येतात. तू मशीनला भजन शिकवायलीस?"

"पुण्य तुमालाबी लागंल, सर. प्रिंटरात रिबन तेवढी नवी टाका."

छापलेला कागद लांबच लांब, एकाला एक जोडलेला निघाला. अभंग पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, सिनेमाच्या गाण्यासारखा सरळ.

तिथंच चुकलं. तालमीत बुवांनी ध्रुपद, म्हणजे अभंगाची पुन्हा पुन्हा येणारी ओळ, धरलं, एका शब्दावर थांबले, तो तीनदा आळवला, पुन्हा ध्रुपदावर आले. रुख्मिणी तोवर दुसऱ्या चरणात. बुवा थांबले.

"पोरी, तुझा कागद माझ्याम्होरं पळायलाय."

टाळकरी खदखदले. एकजण म्हणाला, "मशीनला गाडी गाठायची असंल!" किशनरावांनी बुवांच्या हाताकडे पाहिलं. हात वर गेला नाही, पण मांडीवरून उचलला होता.

"बुवा, उद्या पुन्हा एकदा ऐका," रुख्मिणी म्हणाली. "मंग उतरवा."

घरी जाताना बायकांच्या भजनी मंडळातल्या कमलबाईनं तिला गाठलं. "शब्दाच्या मागं कशाला लागतीस गं? शब्द बुवाच्या मर्जीचा. टाळ कुणाच्या मर्जीचा न्हाई. आमाला कुठं लिहिता येतंय? टाळावर चालतो अन् ध्रुपदाला येतो."

दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता; एसट्या उभ्या होत्या. रुख्मिणी स्टेशनावर गेली आणि मिळेल त्या गाडीनं परभणीला पोचली. क्लासचं शटर खाली होतं. सूर्यभान सरांना तिनं घरून उठवून आणलं. शटर उघडलं तर लाइट गेलेली. ती मशीनसमोर बसून राहिली. सर दोनदा म्हणाले, "जा की आता." ती म्हणाली, "येईल लाइट." दुपार कलताना आली.

तिनं शब्दांची ओळ काढून टाकली. सहा रेघांखाली सातवी रेघ घातली, टाळाच्या घावांची. ध्रुपद एका कागदावर, प्रत्येक चरण वेगळ्या. छापून झाल्यावर भोकांच्या रेषेवरून तिनं एकेक कागद फाडून सुटा केला. ध्रुपदाचा समोर पुठ्ठ्यावर चिकटवला, बाकीचे गुडघ्याशी ठेवले.

संध्याकाळच्या तालमीत बुवांनी दोनदाच तिच्याकडे पाहिलं; हात मांडीवरच राहिला. किशनराव म्हणाले, "काल्याला बघू."

काल्याच्या दिवशी देऊळ भरलं होतं. बुवा रंगात आले आणि मध्येच भलत्याच अभंगाचं चरण उचललं. त्याचा कागदच नव्हता. किशनराव पुढे सरकले. रुख्मिणीनं चरणांच्या कागदांना हातच लावला नाही. एकच खर्जाची जाड तार टाळाच्या घावावर धरून ती बसली. बुवा लांब गेले, दृष्टांत सांगितला, लोकांना हसवलं, डोळे पुसायला लावले आणि वळले. वळले ते ध्रुपदावरच. पहिल्या अक्षराला गिटार त्यांच्याबरोबर होतं.

बुवांचा हात वर गेला. रुख्मिणी खाली उतरायला उठू लागली. त्या हातानं बुवांनी टाळकऱ्यांना बाजूला सारलं आणि तिला जवळ बसायची खूण केली.

आरती झाल्यावर बुवा म्हणाले, "परवा गंगाखेडला कीर्तन हाय. तिथंबी पेटीवाला न्हाई."

"अभंग कोणता, बुवा? आत्ताच सांगा," रुख्मिणी म्हणाली. "परभणीची गाडी निघायलीय."