टेबलाखालची ओल

इस्त्रीच्या टेबलाखाली पुन्हा ओल दिसली तेव्हा आबांनी कपाळाला हात लावला. चार दिवस झाले, हेच चाललं होतं. सकाळी फडक्याने कोरडं करावं आणि दुपारी वाकून बघावं तर थारोळं तयार. आणि त्या थारोळ्यात कूस टेकून मुकादम पडलेला.

मुकादम म्हणजे त्यांचा कुत्रा. नऊ वर्षांचा, तांबूस, एक कान कायम पडलेला. पिल्लू होता तेव्हापासून दुकानात बसून आबांच्या हाताकडे असा टक लावून बघायचा, की जणू याला कामावर देखरेखीलाच नेमलाय. ते नाव अक्काने ठेवलं. अक्का ही आबांची थोरली बहीण. नवरा गेल्यापासून ती इथेच राहायची, कपड्यांच्या घड्या घालायची आणि आबांच्या चुका काढायची. दोन्ही कामांत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

"म्हातारा झाला तो," अक्का म्हणाली. "आवरत नाही त्याला. तुलाही आवरायचं नाही एक दिवस."

"माझं राहू दे. गिऱ्हाइकाच्या कपड्यांना वास लागला म्हणजे?"

म्हणून कालच आबांनी मुकादमाची पाण्याची वाटी उचलून वरच्या फळीवर ठेवली होती. कमी पिईल तर कमी करेल, एवढा साधा विचार. पण ओल काही हटेना. उलट आज सकाळपासून मुकादमाने अन्नाला तोंड लावलं नव्हतं. गिऱ्हाईक आलं, गेलं, याने मान वर केली नाही. देखरेखच बंद झाली, तेव्हा मात्र आबांनी इस्त्री बाजूला ठेवली. हा आता आपल्याला सोडून जातो की काय, असं त्यांच्या मनात येऊन गेलं.

जनावरांचा दवाखाना पुलापलीकडे होता. कामावर निघालेल्या सुनेने आपला जुना फोन टेबलावर ठेवला.

"बाबा, आधी यावर विचारा. मी सगळं लावून ठेवलंय. ते विचारतील त्याला उत्तर द्यायचं, मग डॉक्टर स्वतः दिसतात. घाबरायचं काही नाही."

ती गेली आणि घाबरायला सुरुवात झाली.

फोनवर पहिला प्रश्न आला. आबांनी एकेका अक्षरावर बोट ठेवत तो वाचला. प्राणी कोणता? मग, नर की मादी? मग वय. इथवर ठीक होतं. पुढे विचारलं, लघवी कशी होते? खाली चार चौकोन : कमी, जास्त, वारंवार, थेंब थेंब.

आबांची बुद्धी चालेना. टेबलाखाली बघितलं तर जास्त. सकाळी फिरवताना बघितलं तर वारंवार, कारण मुकादम एकही खांब सोडत नसे. पाय वर, पुढचा खांब, पुन्हा पाय वर.

"दोन्ही दाब," अक्काने सुचवलं.

"एकच दाबता येतं."

"मग जास्त दाब. पुसायला तूच वाकतोस ना?"

आबांनी 'जास्त' दाबलं. लगेच पुढचा प्रश्न : प्राणी पाणी जास्त पितो का? पाणी तर फळीवर. आबांनी 'नाही' दाबलं. पडद्यावर एक गोल फिरू लागला, फिरतच राहिला.

"त्यालाही काही कळेना बघ," अक्का म्हणाली.

थांबायचं म्हणजे हात रिकामे, आणि रिकामे हात आबांना सोसत नसत. त्यांनी एक पांढरी चादर टेबलावर पसरली, टेबलाच्या बाजूच्या खिळ्याला अडकवलेली फवाऱ्याची बाटली काढली, खळीचं पाणी चादरीवर शिंपडलं आणि बाटली पुन्हा खिळ्याला लावली. चादर कडक, सपाट झाली, घडी पडली, तरी गोल फिरतच होता.

आणि मग अचानक एक चष्मेवाली मुलगी पडद्यावर आली.

"आजोबा, मला फक्त पंखा दिसतोय."

"पंखा नाही, कुत्रा आजारी आहे," आबा म्हणाले.

"फोन खाली कर, खाली!" अक्काने तो हिसकावून मुकादमासमोर धरला. "हा बघा, डॉक्टरीणबाई. सारखा करतो. सगळं टेबल पोहतंय."

"शेवटचं करताना कधी बघितलंत?"

"आज सकाळी," आबा म्हणाले. "खांबाखांबाला करतो."

"धार येते?"

आबांनी ते कधी बघितलंच नव्हतं. नऊ वर्षं फिरवत होते, पण कुत्रा खांबाशी उभा राहिला की ते दुसरीकडे बघायचे. भल्या माणसाने तिकडे काय बघायचं?

"पाय वर करतो," ते म्हणाले. "बराच वेळ."

"पाय वर करणं वेगळं, आजोबा. काही बाहेर येतं का?"

"येत असेल की. नाहीतर हे काय आहे?" त्यांनी ओल दाखवली. "केससुद्धा भिजून वाळलेत. हात लावला तर शर्टाच्या कॉलरसारखे ताठ."

डॉक्टरीणबाईंच्या कपाळाला आठी पडली. "ताठ? लघवीने केस चिकट होतात, पिवळट पडतात. असे ताठ कसे होतील? मला नीट कळत नाहीये. जरा वास घेऊन सांगता का?"

"कुणी, मी?" अक्का मागे सरकली. "हा घेईल. कुत्रा याचा आहे."

आबा गुडघ्यावर बसले. बोट ओलीत बुडवून नाकाशी नेलं. पुन्हा नेलं. वास ओळखीचा होता. इतका ओळखीचा, की आपणच वेडे झालो असं त्यांना वाटलं.

"अक्का, तू बघ."

अक्काने नाक मुरडत वास घेतला आणि तिचं मुरडलेलं नाक सरळ झालं. "अरे, ही तर खळ आहे!"

दोघांनी एकदमच वर बघितलं. खिळ्याला लटकलेल्या बाटलीच्या बुडाशी एक थेंब जमला, लांब झाला आणि मुकादमाच्या कुशीवर पडला. गेल्या आठवड्यात बाटली हातातून निसटली होती. तडा गेला असणार. फडक्याने पुसताना नाक कुणी लावलं नव्हतं.

अक्काला हसू फुटलं. "चार दिवस बिचाऱ्याला नावं ठेवली!" आबाही हसणार होते. पण फोनमधली मुलगी हसत नव्हती.

"आजोबा, हे त्याचं नसेल, तर त्याची लघवी कुठे आहे?"

आबांना प्रश्न कळायला वेळ लागला. कळला तेव्हा ते मुकादमाकडे वळले.

"पोटाला हात लावा. हळूच, मागच्या पायांच्या पुढे. दाबू नका."

पोट गच्च होतं, गरम पाण्याची पिशवी काठोकाठ भरावी तसं. मुकादम कण्हला.

"वाट अडलीय त्याची. थेंब थेंब जात असेल, आता तेही बंद झालं असावं. यावर मी फोनवरून औषध देणार नाही, आणि तुम्हीही घरचं काही देऊ नका. आत्ता दवाखान्यात न्या. संध्याकाळची वाट बघू नका."

"बाई, मी त्याचं पाणीही काढून घेतलं होतं," आबा म्हणाले.

"ते तिथल्या डॉक्टरांना सांगा. निघा आता."

मुकादमाला उचलायचं कसं? अक्काने समोरची चादर ओढली, कडक इस्त्रीची, घडी घातलेली.

"गिऱ्हाइकाची आहे!" आबांच्या तोंडून निघालं.

"मग गिऱ्हाईक येऊन उचलणार आहे का याला? धर ते टोक."

आबांनी टोक धरलं. चाळीस वर्षांत त्यांनी कुणाच्या चादरीवर चुणी राहू दिली नव्हती. आता तिचं गाठोडं करून, कुत्र्यासकट, कपडे पोचवायच्या हातगाडीवर ठेवलं आणि दोघं पुलाकडे निघाली. अक्का ढकलत होती, आबा ओढत होते, आणि फोन खिशातून डोकावून विचारत होता : आपली अडचण सुटली का? हो, नाही.

"काय दाबू?" आबांनी धावता धावता विचारलं.

"गाडी ओढ!"

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी जास्त विचारलं नाही. पोटाला हात लावून मुकादमाला आत नेलं, आणि आबा बाहेरच्या बाकावर बसून राहिले. लघवी जास्त म्हणून पाणी काढून घेतलं, आणि होती ती कमी. ज्याला दोष दिला तो भिजत पडलेला, आणि ज्याचा दोष ती बाटली रोज हातात. त्यांनी हे डोक्यात दोनतीनदा उलटसुलट करून पाहिलं, पण त्याची घडी बसेना.

बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आले. "खडा अडकला होता. नळी घालून मोकळं केलंय. दोन दिवस ठेवून घेतो, पुढे कदाचित कापावं लागेल. पण वेळेवर आणलंत."

"पाणी द्यायचं का त्याला?"

"भरपूर. आणि ती तुमची चादर घेऊन जा, खराब झालीय."

आत मुकादम पडून होता. आबा दिसताच त्याने न पडलेला कान हलवला आणि त्यांच्या हातांकडे बघितलं. बाजूला चादरीचा बोळा पडला होता, त्यावर मोठा पिवळा डाग.

"शी! आता गिऱ्हाइकाला काय सांगणार?" अक्का म्हणाली.

आबांनी चादर उचलली, डाग नाकाजवळ नेला आणि दीर्घ श्वास घेतला.

"अक्का," ते म्हणाले, "खळ नाही गं ही."