म्हसोबाचा शेंदूर

"काका, तिथंच थांबा. पुढं येऊ नोका!" देवमन गेटमधून ओरडला.

शेंदराची वाटी घेतलेले खुशालराव थांबले नाहीत. "बाजूले सर रे, बाप्पा. बोट टेकवतो अन् जातो."

त्या बोट टेकवण्यावरच सगळं अडलं होतं. अमरावतीची ही बंगल्यांची कॉलनी एकेकाळी खुशालरावांच्या घराण्याचा मळा होती. वांगी, मेथी, झेंडू. मळा विकला तेव्हा म्हसोबाकडे जायची वाट नुसती तोंडी ठरली. देवाचं कागदावर कशाला, असं माळीही म्हणाले आणि घेणारेही. पहिले बंगलेवाले पाया खोदण्याआधी अनवाणी येऊन नारळ फोडत. पुढे भिंती उंच झाल्या आणि म्हसोबा उत्तमरावांच्या कंपाउंडात कोंडला गेला. उत्तमराव वारले. त्यांच्या योगेशला दुसऱ्या गाडीसाठी जागा हवी होती. कालच त्याने तो दगड ॲसिडने धुऊन घेतला होता, कारण जेसीबीवाल्या श्यामने बजावलं होतं, "शेंदूर लागलेल्या दगडाले मी बकेट लावत नाई, साहेब."

आज जेसीबी दगडासमोर उभा होता आणि गेटवर पहारा देवमनचा. खुशालरावांचा पुतण्या, ह्याच मळ्यात रांगलेला.

"बघतोस काय? हाकल म्हाताऱ्याला!" योगेश कडाडला. "नाहीतर उद्यापासून तूही येऊ नकोस."

देवमनने काकांचा हात धरला. वाटी हिंदकळली, शेंदूर त्याच्या पंजावर ओघळला. म्हाताऱ्याने हिसका देऊन पुढे झेप घेतली. दुसऱ्या हातातली पहाऱ्याची काठी कशी उठली ते देवमनला कळलं नाही. आवाज मात्र कळला, कवठ फुटल्यासारखा. खुशालराव कोसळले. पांढऱ्या केसांतलं रक्त फरशीवरच्या शेंदरात उतरू लागलं.

श्यामने इंजिन सुरू केलं.

देवमनने आपल्या लाल पंजाकडे पाहिलं. मग तो सरळ चालत बकेटखाली गेला आणि त्या फिकट, सोललेल्या दगडावर त्याने पंजा दाबला.

इंजिन बंद झालं. "आता मी नाई, साहेब," म्हणत श्याम खाली उतरला.

योगेशने पहार उचलली. पहिल्या घावाला ठिणगी उडाली, दुसऱ्याला टवका.

देवमन काकांपाशी बसला. युनिफॉर्मची टोपी त्याने जखमेवर ठेवली. "काका, मले..."

"दाबून धर."

घाव पडतच होते. खुशालराव डोळे मिटून ऐकत होते. थोड्या वेळाने त्यांचे ओठ हलले. देवमन वाकला.

"त्याले सांग," ते म्हणाले, "पायातले बूट तं काढ."