उपाशीपोटी

मी पाट्या रंगवतो. दुकानांच्या, दवाखान्यांच्या, 'येथे गाडी लावू नये'च्या. सगळे मला पेंटर म्हणतात. बायको एरवी अहो म्हणते, पण फार रागावली की तीही पेंटर म्हणते. एखाद्या पाटीवर वाकडं अक्षर दिसलं की माझं डोकं फिरतं, हा माझा स्वभाव. गेल्या वर्षी मात्र आठ महिने मीच इतका वाकडा वागलो की आठवलं तरी मान खाली जाते.

झालं असं, की एका दुपारी जेवायला बसलो, चार घास खाल्ले आणि डाव्या जबड्याखाली गळा ताठरला. हात लावला तर लिंबाएवढी गाठ. तासाभरात ती उतरली. दुसऱ्या दिवशी जेवताना पुन्हा आली. माझे वडील गळ्याच्या गाठीनेच गेले. मी तेव्हा एकोणीस वर्षांचा होतो. त्यांची गाठही डावीकडेच होती. आपलंही तेच, असं मी त्या दुपारीच ठरवून टाकलं आणि बायकोला एक अक्षर सांगायचं नाही हेही ठरवलं.

डॉक्टरकडे गेलो नाही असं नाही. गुपचूप तिघांकडे जाऊन आलो. पण मी पडलो शिस्तीचा माणूस. डॉक्टर रक्त तपासायला सांगणार, म्हणून दर वेळी उपाशीपोटी जायचो, वर तोंड स्वच्छ धुऊन. पोट रिकामं असलं की गाठ गायब. पहिल्याने गळा दाबून पाहिला आणि गोळ्या दिल्या. दुसऱ्याने रक्त तपासलं, फोटो काढला, दोन्हीत काही सापडलं नाही. तिसरा म्हणाला, काळजी कमी करा, हे मनाचे खेळ आहेत. त्याच्या भिंतीवरच्या पाटीत रफार भलत्याच अक्षरावर होता, त्यामुळे माझा त्याच्यावरचा विश्वास तसाही उडाला होता. गंमत म्हणजे जेवल्यावर फुगतं हे मला पक्कं ठाऊक होतं, पण जेवून जावं हे काही सुचलं नाही. भ्यायलेल्या माणसाची अक्कल चरायला जाते.

घरात मी वेगळं जेवायला लागलो. कामाची घाई आहे म्हणायचो आणि ताट घेऊन रंगांच्या खोलीत जायचो. दाराकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवायचो, म्हणजे बायको अचानक आली तरी तिला गळा दिसू नये. ती दोनदा विचारून गेली की माझ्या हाताचं आवडेनासं झालंय का. मी खेकसलो. मग तिने विचारणं सोडलं, आणि माझी युक्ती साधली म्हणून मी स्वतःवर खूश झालो.

एका सकाळी ती चपला घालून समोर उभी राहिली आणि म्हणाली, कान-नाक-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे नंबर लावलाय, चला. कशासाठी, असं मी विचारलं. ती दाराबाहेर पडलीसुद्धा. मी सवयीप्रमाणे न खाता निघालो.

दवाखान्यात आमच्या आधी नऊ जण होते. सहा जण आत जाऊन आल्यावर बायकोने पिशवीतून संत्रं काढून सोललं आणि माझ्यापुढे धरलं. मी म्हटलं, नको, रक्त तपासतील.

"पेंटर, खा," ती म्हणाली.

मी खाल्लं. तिसऱ्या फोडीलाच गळा ताठरला. बायकोने माझं मनगट धरलं आणि रांग सोडून मला सरळ आत नेलं. मागून लोक कुरकुरले. त्यांचं चुकलं नव्हतं.

"बाई, आत्ता बघा. नंतर उतरतं," ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई आधीच्या पेशंटची माफी मागून उठल्या. त्यांनी माझ्या जिभेखाली बोट फिरवलं, बाहेरून गाठ दाबली, पुन्हा बोट फिरवलं. मग त्यांनी बायकोला विचारलं, हे खाल्ल्यावर होतं हे कसं कळलं तुम्हाला?

"हे भिंतीकडे तोंड करून जेवतात. दिवा एका बाजूला असतो, दुसऱ्या बाजूच्या भिंतीवर यांची सावली पडते. ती सावली जेवताना फुगते. तीन महिने दाराच्या फटीतून बघतेय मी."

जन्मभर रेघ आणि आकार पाहण्यात गेलेला मी, आणि माझी सावली मला दिसली नाही. मी बायकोकडे बघूही शकलो नाही.

बाईंनी कागदावर चित्र काढून समजावलं. जिभेखाली लाळेची नळी असते. तिच्यात खडा अडकलाय. जेवताना लाळ सुटते, तिला वाट मिळत नाही, मग मागची ग्रंथी फुगते. आंबट खाल्लं की जास्तच.

"कॅन्सर?" मी विचारलं. आठ महिन्यांत हा शब्द पहिल्यांदा तोंडातून बाहेर पडला. बायकोने माझं मनगट अजून सोडलं नव्हतं.

"तसं वाटत नाही. पण खडा काढल्यावर सूज पूर्ण गेली पाहिजे. आठवड्याने बघून खात्रीने सांगते."

खडा दुसऱ्या दिवशी निघाला. जिभेखाली सुई, छोटासा छेद, बस्स. बाईंनी तो चिमट्याने फोडला तर आत बारीक तपकिरी केस. त्यांनी मला विचारलं, तंबाखू, काडी, तोंडात काय धरता? मी छाती काढून, जमेल तसं बोबडं, म्हणालो, काहीही नाही, सुपारीचं खांडसुद्धा नाही.

"ब्रश धरतात," बायको म्हणाली.

खरं होतं. ब्रश धुतला की ओठांत धरून त्याचं टोक काढायचं, हे माझ्या उस्तादांनी शिकवलेलं. आमच्या धंद्यात सगळेच करतात, म्हणून ते तोंडात काही धरणं आहे असं कधी वाटलंच नाही. तो केस खारीच्या शेपटीचा, दोन नंबरच्या ब्रशाचा. मी लगेच ओळखला. बाई हसल्या, मीही हसलो, आणि जिभेखालचा टाका दुखला.

तो आठवडा कसा गेला ते विचारू नका. आठव्या दिवशी मी पोटभर जेवून, वर अर्धं लिंबू चोखून दवाखान्यात गेलो. बाईंनी गळा चाचपला, जिभेखाली पाहिलं, पुन्हा गळा चाचपला.

"काही नाही. गाठ नाही, सूज नाही. निवांत जा."

मला आभार मानता येत नाहीत. मी जाताना त्यांच्या नावाची नवी पाटी रंगवून नेली होती, ती टेबलावर ठेवली आणि बाहेर आलो. त्या बाईंचं भलं होवो. मनापासून सांगतो, रोज म्हणतो हे.

परतताना बायको वाटेत एका कापडदुकानाशी थांबली. तुम्ही इथेच थांबा, म्हणाली आणि आत गेली. दार उघडंच होतं. मालकीणबाई तिला म्हणाल्या, सोमवारपासून येताय ना, मी जागा धरून ठेवली आहे. बायको म्हणाली, हो, येते.

मला काहीच कळेना. मग मालकीणबाई माझ्याकडे पाठ करून, हलक्या आवाजात बोलल्या, पण मला ऐकू आलं. तुम्ही तीन महिन्यांपूर्वी म्हणालात तेच बरोबर, त्या म्हणाल्या, बाईमाणसाने एकटं पडायच्या आधीच पायावर उभं राहावं.

मी माझं मरण तिच्यापासून लपवत होतो, आणि ती माझ्या मागे जगायची तयारी माझ्यापासून लपवत होती. तिने कपडे धुतले, ताट वाढलं, माझं खेकसणं ऐकून घेतलं, आणि त्यातच इथे येऊन काम मागितलं.

"येते, पण पूर्ण दिवस नाही जमणार आता," बायको आत सांगत होती. "दुपारी घरी जावं लागेल जेवायला. आमचे हे आहेत."