तारांखालची झुडपं

माणसाचा स्पर्श होऊ न देणं हेच निसर्गाचं खरं रक्षण, असं मी अहवालाच्या पहिल्याच पानावर लिहिलं होतं. अहवाल एकशे चाळीस पानांचा. वनखात्याने पहिलं पान तेवढं वाचलं आणि दुर्दैवाने ते त्यांना पटलं.

प्रश्न एका झुडपाचा होता. गुडघाभर उंची, पिवळी फुलं आणि उभ्या जगात फक्त आमच्या गावामागच्या जंगलात शिल्लक. मी मोजली तेव्हा दोनशे बारा भरली. त्या जंगलात लाकूडतोड एकच माणूस करायचा, माझे काका. यंदा एका पट्ट्यातली झाडं बुंध्यापाशी कापायची, पुढच्या वर्षी दुसऱ्या. तोवर पहिले बुंधे पुन्हा फुटलेले असत. अहवालामुळे जंगलाला कुंपण पडलं, काका बाहेर पडले आणि मी महाविद्यालयात विभागप्रमुख झालो. लहानपणी बोट धरून ते झुडूप मला दाखवलं होतं काकांनीच. आभाराच्या पानावर हे राहून गेलं.

"त्याला ऊन लागतं. मी तोडतो म्हणून ते आहे," असं काका तेव्हा म्हणाले होते. मी तेही तळटीपेत घेतलं होतं: 'स्थानिक समजूत. पुरावा नाही.'

नऊ वर्षांनी फेरमोजणीला आत शिरलो. झाडांनी वर छप्पर धरलं होतं आणि खाली अतिशय सुरक्षित असा अंधार होता. झुडपं सापडली चार. फूल एकालाही नाही.

तिथून तडक काकांकडे गेलो. दारामागे कुऱ्हाड होती. तिच्या दांड्याला काकूने छत्री अडकवली होती. मी हवापाण्यावर बोललो, तब्येतीवर बोललो, मग आकडा सांगितला.

"काका, चूक माझी होती. परवानगी मी आणतो. एक पट्टा तोडून द्याल?"

काका चष्मा पुसत राहिले.

"पुरावा मिळाला वाटतं."

तो अहवाल तळटिपांसकट वाचणारा जगात एक तरी माणूस असेल, आणि तो हा असेल, हे माझ्या कधी ध्यानात आलं नव्हतं. काकांनी उजवा हात वर करून दाखवला. तो खांद्याशी येऊन थांबला.

"आता इथवरच येतो. कुणाला शिकवलं असतं, पण कुंपण होतं ना."

"साहेबांचा चहा गार होतोय," काकू आतून म्हणाली. मला ती नावाने हाक मारायची.

तो गार चहा मी मुकाट्याने संपवला. निघताना काकांनी सांगितलं, कुंपणाबाहेरून विजेची नवी लाईन गेली आहे, तिच्याखाली बघून जा.

बघितलं. तारांखाली एकशे सत्तर झुडपं होती, सगळी फुललेली. तारांना फांद्या लागू नयेत म्हणून वीज कंपनीची माणसं तिथली झाडं दरवर्षी तोडतात.